दहा मिनिटांच्या कामाबद्दल: रस्ता खोदणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या तालुक्यात रस्ता, नाली आणि पाइपलाइनसाठी जमीन खोदायची परवानगी देणारे, घेणारे आणि त्यावर देखरेख ठेवणारे सर्व साहेब,
तसेच गावोगावी सरकारी फायबर पोचवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे ते साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तहसीलच्या बैठकीत मी मागच्या रांगेत बसलो होतो. रस्त्याच्या रुंदीकरणात नेटचं फायबर सारखं तुटतंय, खोदायच्या आधी कळवा, एवढंच मला सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा नेमका चहा आला. तुमच्यापैकी एका साहेबांनी बिस्किट बुडवता बुडवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, काचेची तार ती. तुटली तर जोडायची. दहा मिनिटांचं काम." सगळे हसले. मीही हसलो. आठ दिवसांनी नोटीस लागली, की रस्त्याच्या हद्दीतल्या केबलच्या नुकसानीला खातं जबाबदार राहणार नाही, ज्याची केबल त्याने दुरुस्त करून घ्यावी.

याआधी दोनदा लेखी अर्ज दिले. दोन्हींवर आवक-जावकचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. तुम्ही वाचालच, पण ज्यांचं नेट त्या दिवशी बंद पडतं आणि जे मला फोनवर शिव्या देतात, त्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

मी केबलवाला. पंचवीस वर्षांपूर्वी छत्रीवरून चॅनेल पकडून काळी जाड वायर घराघरांत नेली. वादळात खांब पडला की सुरीने वायर सोलायची, पिळायची, वर चिकटपट्टी मारायची. ते खरंच दहा मिनिटांचं काम होतं. पुढे लोकांना टीव्हीपेक्षा नेट जास्त हवं झालं. मी एका परवानाधारक कंपनीचा भागीदार झालो, कर्ज काढून फायबर टाकलं आणि काचेचे धागे जोडायचं स्प्लाइसिंग मशीन घेतलं. गोदाकाठच्या सात गावांत आज सातशेच्या आसपास जोडण्या आहेत. सेवा केंद्रं, दोन पतसंस्था, दवाखाना, शाळा आणि बाकी घरं. मशीनचे हप्ते अजून चालू आहेत.

आता ते दहा मिनिटांचं काम कसं असतं ते सांगतो.

२९ जुलैची दुपार. पीक विम्याची मुदत ३१ला संपणार होती. सेवा केंद्रावर सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं दाराबाहेरपर्यंत उभी होती. अडीचला एकदम चार गावं बंद. मी पोचलो तेव्हा मशीन निघून गेलं होतं आणि चर बुजवलेला होता. ही माझी वेगळी तक्रार आहे, तिच्याकडे येतोच. चर पुन्हा उकरला, केबलचं एक टोक सापडलं, दुसरं सापडेना. जेसीबीचा दात केबल कापत नाही साहेब, ओढतो. वरचं काळं आवरण एका जागी फाटतं, पण आतली काच दोन्ही बाजूंना पाच-पाच, दहा-दहा मीटरवर मोडलेली असते आणि बाहेरून केबल धडधाकट दिसते. त्यामुळे फाटलेल्या जागी जोडून भागत नाही. दोन्हीकडची खराब झालेली केबल काढून टाकायची, मध्ये नवा तुकडा घालायचा. म्हणजे एका कटाला दोन जॉइंट आले.

केबल २४ कोअरची, म्हणजे आत काचेचे चोवीस धागे. दोन जॉइंट म्हणजे ४८ जोड.

एक जोड असा लागतो. ट्यूब सोलून आतलं जेल पुसायचं. पुसलं नाही तर सगळं बोटांना लागतं आणि मग काच हातात राहत नाही. जोडावर बसणारी छोटी स्लीव्ह आधीच एका बाजूला ओवून ठेवायची. (ती ओवायला विसरलो की सगळं झाल्यावर आठवतं, आणि केलेला जोड तोडावा लागतो. प्रत्येक जोडारी हे एकदा तरी करतो. मी त्या रात्री दोनदा केलं.) मग वरचा रंगीत थर खरवडायचा. आत उरते ती १२५ मायक्रॉन जाडीची नागडी काच, आणि प्रकाश त्यातल्याही मधल्या ९ मायक्रॉनमधून जातो. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे सात-आठ भाग केले तर त्यातला एक, एवढीच ती वाट. काच अल्कोहोलने पुसायची. स्वच्छ झाली की चिमटीत बारीक चूं वाजतं, ते वाजेपर्यंत पुसायची. क्लिव्हरमध्ये धरून काटकोनात तोडायची. मशीनच्या खाचेत दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची. मशीन त्यांना पडद्यावर मोठं करून दाखवतं, स्वतः जुळवतं, विजेची ठिणगी पाडून काचेला काच वितळवतं. मग स्लीव्ह सरकवून तापवायची, गार होऊ द्यायची, ट्रेमध्ये गोल वळवून ठेवायची. हा झाला एक. असे सत्तेचाळीस राहिले.

पाऊस चालू होता. आम्ही दोघं ताडपत्रीखाली. मशीनवर पाण्याचा थेंब पडला तर संपलं, म्हणून एकाने छत्री धरायची. चोवीस धाग्यांना बारा रंग असतात, बारा एका ट्यूबमध्ये आणि बारा दुसऱ्या. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आणि एक फिकट समुद्री. दिवसा सोपं असतं. रात्री मोबाइलच्या उजेडात राखाडी आणि पांढरा सख्खे जुळे होतात आणि गुलाबीही त्यांच्यात जाऊन बसतो. एक चुकला की पतसंस्थेची लाइन शाळेत निघते. रात्री सव्वाअकराला शेवटचा जोड लागला. तुटलेल्या काचेचे तुकडे आम्ही चिकटपट्टीवर जमा करतो, तरी एक माझ्या अंगठ्यात गेला. तो दिसत नाही, क्ष-किरणातही सापडणं कठीण. फक्त आठवडाभर बोट टेकलं की कळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून केंद्रावर रांग लागली. फॉर्म भरले गेले, कुणाचा राहिला नाही. केंद्रचालकाने दोन दिवस दुकानातच झोप काढली म्हणून हे जमलं. त्यात तुमच्या खात्याचा किंवा माझा काही पराक्रम नाही.

तर साहेब, सगळी तयारी धरली तर दहा मिनिटांत एखादाच जोड होतो. आता तक्रारी.

पहिली: न सांगता खोदणं. खोदू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. रस्ता आम्हालाही हवाय, माझीच मोटरसायकल त्या खड्ड्यांत दोनदा पडलीय. पण आदल्या दिवशी एक फोन आला असता तर मी सकाळी जाऊन लाइन दाखवली असती, पुलाजवळ वेटोळं करून ठेवलेली जादा केबल सोडून बाजूला सरकवली असती. तासाभराचं काम. आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. केंद्र सरकारने नेमकं याचसाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलंय. २२ मार्च २०२३ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ते सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा आणि तारीख टाकायची, तिथे जमिनीखाली ज्यांची मालमत्ता आहे त्यांना निरोप जातो. अशा बेताल खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, हा सरकारनेच तेव्हा सांगितलेला आकडा. बैठकीत मी या अ‍ॅपचं नाव काढलं तेव्हा तिघा साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. मोबाइलमध्ये ते कुणाच्याच नव्हतं.

दुसरी: तुटल्यावर बुजवून टाकणं. मशीन चालवणारा पोरगा घाबरतो, मुकादम ओरडतो, "टाक माती." मला त्या पोराचा राग नाही. पण मग शोधायचं कुठे? आमच्याकडे ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. एका टोकाने ते प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाची वेळ मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पाच किलोमीटरवरचा कट कळायला सेकंदाचा वीस हजारावा भाग पुरतो. पण यंत्र सांगतं काचेची लांबी, रस्त्याची सांगत नाही. दर पुलापाशी, दर वळणावर पाच-दहा मीटरचं वेटोळं सोडलेलं असतं. यंत्र म्हणतं ६,३४० मीटर, आणि मी मोटरसायकलच्या काट्यावर अंदाज बांधत ऊस, विहीर, मारुती मोजत जातो. कट झाला त्या जागी नुसती एक काठी रोवून ठेवली असती, तरी २९ जुलैला आमचे दोन तास वाचले असते. आणि टोकं उघडी टाकूही नका. मजुरांची लहान लेकरं ते रंगीत धागे खेळायला नेतात. मागच्या पौषात एका पोरीने त्यांची वेणी घालून बांगडी केली होती, दिसत होती छानच. मी तिच्या मनगटातून ती काढून घेतली तर ती रडायला लागली, आणि काच म्हणजे काय हे तिच्या आईला समजावताना माझीच तारांबळ उडाली. त्या टोकात डोळा घालून बघणाऱ्यांनाही सांगायला हवं. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण टीव्हीच्या लाइनवर तो वाढवून सोडलेला असतो. इजा व्हायला तो दिसावा लागत नाही.

तिसरी तक्रार तुमच्या "जोडायची" या शब्दाबद्दल आहे. ती जरा नीट ऐका, कारण नोटीस काढणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने ती काढली नसती असं मला मनापासून वाटतं.

माझ्या ऑफिसात ओएलटी म्हणून एक पेटी आहे. तिच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरमधून फुटत बत्तीस घरांत जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, ती नुसती काचेची वाटणी आहे. पाटाचं पाणी बत्तीस वाफ्यांना वळवावं तसं. उजेडाचा हिशेब आम्ही डेसिबलमध्ये ठेवतो. ३ डेसिबल गेले की उजेड निम्मा होतो, १० गेले की दहावा हिस्सा उरतो. माझ्याकडून प्रकाश +३ वर निघतो. बत्तीसची वाटणीच सतरा खाते. बाकी अंतर, जोड, प्लग. नदीकाठच्या शेवटच्या वस्तीवर तो −२५ वर पोचायचा. म्हणजे निघाला त्याचा सहाशेवा हिस्सा. तेवढ्यावर तिथल्या घरातला नेटचा डबा आरामात चालत होता, कारण त्याची खालची हद्द −२७ आहे. त्याखाली गेलं की एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतो आणि लोक म्हणतात, "वायफाय गेलं."

१९६६ साली चार्ल्स काओ नावाच्या शास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता, की एक किलोमीटर गेल्यावर काचेत शंभरातला एक भाग जरी उजेड उरला तरी तिच्यातून टेलिफोन नेता येईल. तेव्हाच्या काचेत तेवढाही उरत नसे. आजच्या फायबरमध्ये तो शंभरावा भाग उरतो तो शंभर किलोमीटर गेल्यावर. त्या कामाला २००९चं नोबेल मिळालं. आणि असली काच परदेशातून येते असं समजू नका. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला आणि वाळूजला, ती बनते. काचेची कांडी २००० अंशांच्या आसपास तापवून तिचा धागा ओढतात. मराठवाड्यातच बनलेली एवढी निर्मळ काच मराठवाड्यातल्याच रस्त्याखाली जातेय, आणि तिच्यात घाण होते ती आपल्या जोडांमुळे.

कारण जोड म्हणजे डाग. मशीनच्या पडद्यावर ०.०३ डेसिबल दाखवतं, पण पावसात, चिखलात, रात्री मारलेला जोड ०.१ धरा. पुलापासून फाट्यापर्यंतच्या तीन किलोमीटरमध्ये दीड वर्षात अकरा वेळा कट झाला. अकरा कट, बावीस जॉइंट, २.२ डेसिबल. शेवटच्या वस्तीचा −२५ आता −२७ झालाय. सहाशेव्याच्या जागी हजारावा हिस्सा उरलाय, साहेब. आता तिथे वाऱ्याने वायर ताणली तरी नेट जातं. मी जाऊन प्लग पुसतो, वायरचं वळण सैल करतो, दोन दिवस चालतं. त्या वस्तीवर एक मुलगा लॉकडाऊनमध्ये पुण्याहून येऊन राहिला होता, कंपनीचं काम घरून करायचा. त्याच्या आईने मला गोठ्याशेजारची खोली दाखवली होती, टेबल, पंखा, मागे भिंतीला नवा रंग. मे महिन्यात तो परत पुण्याला गेला. दहाव्या कटानंतर. मला काही बोलला नाही, उलट राउटर स्वतः आणून दिला, फडक्याने पुसून.

चौथी तक्रार सरकारी फायबरवाल्या साहेबांकडे. ग्रामपंचायती जोडायची योजना २०११ला मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तिचा हेतू मला पटतो. खेड्यात फायबर न्यायला एकट्या केबलवाल्याचं बळ पुरत नाही, हे मी हप्ते फेडून शिकलोय. पण फायबर गावात आलं आणि पेटी भिंतीवर लागली की काम झालं असं धरून चालत नाही. एका ग्रामपंचायतीत मला बोलावलं, "बघा हो, सरकारी नेट वर्षभर बंद आहे." बघितलं तर पेटीची पिन काढून त्या बोर्डावर कूलर लावला होता. पिन लावली, दिवे लागले, तरी नेट नाही. मागचा प्लग बघितला. तिथला जोड हिरव्या प्लगचा होता. हिरव्यात काचेचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्यात सरळ. कुणीतरी हिरव्या खोबणीत निळा प्लग दाबून बसवला होता. बसतो तो, मापाने बसतो. पण आत तिरकं आणि सरळ टेकत नाही, मध्ये हवा राहते आणि उजेड तिथल्या तिथे परत फिरतो. ऐंशी-शंभर रुपयांची पॅचकॉर्ड, म्हणजे प्लग लावलेली छोटी वायर, बदलली. वर्ष गेलं होतं. ज्या मजुराने तो बसवला त्याला निळ्या-हिरव्यातला फरक कुणी सांगितलाच नव्हता, आणि त्या कंत्राटदाराच्या कागदावर ते गाव 'जोडलेलं' आहे.

४ ऑगस्ट २०२३ला केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. त्यात गावं रिंगमध्ये जोडायचं ठरलंय. आधी एका दोरीला गाठी माराव्या तशी गावं होती, मध्ये तुटलं की पुढची सगळी आंधळी. रिंगमध्ये एका बाजूला कट झाला तर प्रकाश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. उत्तम आहे. फक्त आमच्या तालुक्यात एका आठवड्यात पूर्वेचा रस्ता आणि पश्चिमेची पाइपलाइन दोन्ही एकदम खोदायला काढतात. अशा वेळी रिंग काय करणार?

आता माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल केबलवाला फक्त दुसऱ्याचं काढतो. जमिनीखालची केबल सव्वा-दीड मीटरच्याही खाली जायला हवी, सरकारी कामात साधारण १.६५ मीटरचं माप धरतात. माझी पुलापुढची आठशे मीटर दोन फुटांवर आहे. खाली पाषाण लागला, ब्रेकरचं भाडं परवडेना, मी मुरूम लोटून मोकळा झालो. तिथे कट झाला तर अर्धा दोष माझा. दुसरं, माझ्या लाइनचा नकाशा मी तुम्हाला कधी दिला नाही. माझ्याकडे तो होता तो एका शाळेच्या वहीत, पेन्सिलने, आणि त्यातही निम्म्या खुणा 'बाभळीपाशी' अशा. त्यातल्या दोन बाभळी तुमच्याच रुंदीकरणात गेल्या. तिसरं, चोर. तांबं समजून केबल कापून नेतात, मग काच बघून टाकून देतात. त्यावर मी दगडांवर रंगाने लिहून घेतलं, 'आत तांबं नाही, नुसती काच आहे.' आता तेवढ्या पट्ट्यात चोरी बंद आहे. म्हणजे चोर वाचतात.

मागण्या जास्त नाहीत.

नोटीस मागे घ्या. खोदणाऱ्याने तोडलं तर दुरुस्तीचा सामान आणि मजुरीचा खर्च त्या कामाच्या कंत्राटदाराने द्यावा, आणि हे निविदेतच लिहा, म्हणजे नंतर हुज्जत नको. माझ्याकडे एका कटाला दोन क्लोजर (जॉइंट झाकायचे डबे), शे-दीडशे फूट केबल आणि दोघांची रात्र जाते. तिचं बिल मी पावतीसकट देईन, एक रुपया फुगवणार नाही. जिथे केबल दोन फुटांवर आहे तिथलं मागणार नाही.

खोदण्याच्या निदान ४८ तास आधी कळवा. अ‍ॅपवर टाका, आणि टाकता येत नसेल तर फोन करा. तालुक्यातले आम्ही सगळे लहान केबलवाले मिळून अकरा जण आहोत. आमच्या लाइनची नोंद त्या अ‍ॅपवर कशी करायची हे आम्हालाही नीट कळलेलं नाही. एक दिवस बोलवा, शिकवा, आम्ही वह्या घेऊन येतो.

केबल तुटली तर चर उघडा ठेवा, टोकाला काठी आणि लाल फडकं बांधा, फोन करा. मशीनवाल्या पोराच्या पगारातून कापू नका. कापलंत की तो पुन्हा माती टाकणार.

रुंदीकरणात रस्त्याच्या कडेला एक मोकळा पाइप आधीच टाकून ठेवता येईल का, बघा. सिमेंटचा रस्ता एकदा झाला की तो फोडायला परवानगी मिळत नाही, आणि मिळाली तरी रस्त्याची वाट लागते. पाइप असेल तर सगळ्यांच्या केबली त्यातून जातील. भाडं घ्या, आम्ही देऊ.

ग्रामपंचायतींतल्या पेट्यांसाठी: प्रत्येकीला वेगळा बोर्ड आणि एक बॅटरी द्या. आमच्याकडे लाइट किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे. पेटीला बारा व्होल्टचा छोटा बॅकअप पुरतो. आणि गावातल्याच एका पोराला किंवा पोरीला दोन दिवस शिकवा: दिवे कसे वाचायचे, प्लग कसा पुसायचा, उजेड मोजायच्या पॉवर मीटरवर आकडा कसा बघायचा, हिरवा कुठला आणि निळा कुठला. शिकवायला मी येतो, मानधन नको, जेवण द्या.

बैठकीत "दहा मिनिटांचं काम" म्हणणाऱ्या साहेबांना माझं वेगळं निमंत्रण आहे. पुढचा कट झाला की मी फोन करीन. या. छत्री धरायला माणूस लागतोच.

आणि तोवर एक कळवून ठेवतो. येत्या मंगळवारी मारुतीपुढच्या नळकांडी पुलाशी तुमचं मशीन लागणार आहे, हे मला मुकादमाकडून कळलं, खात्याकडून नाही. माझी केबल तिथे गावाकडून येताना डाव्या हाताला आहे, विजेच्या खांबापासून तीन पावलं आत, पुलाच्या दोन्ही तोंडांशी वेटोळं आहे. सोमवारी संध्याकाळी मी तिथे फक्की मारून ठेवतो. पाऊस आला तर फक्की वाहून जाईल, म्हणून मंगळवारी सकाळी आठला मी स्वतः तिथे उभा असेन. मशीन माझ्या आधी पोचलं तर दहा मिनिटं थांबायला सांगा.

आपला,
गोदाकाठचा एक केबलवाला